पड टाकलेलं औषध

आमचा दादा फार भला माणूस आहे असं कुणी म्हणालं की मी आधी दादाच्या तोंडाकडे बघते. सख्खी बहीण आहे मी त्याची. लहानपणी माझ्या वाटणीचा गूळ खाऊन मुंगळ्यांवर आळ घेणारा माणूस हा! म्हणून दवाखान्यातल्या खाटेवर, अंग तव्यासारखं तापलेलं असताना, तो डॉक्टरीणबाईंना म्हणाला, "माझ्या एकट्यापायी त्ये कपाट उघडू नगा," तेव्हा भोवतीच्या सगळ्यांचे डोळे पाणावले आणि माझ्या मनात मात्र पाल चुकचुकली.

"आण्णा, हट्ट करू नका," डॉक्टर नौशीन मुलाणी म्हणाल्या. "काटा हातात मोडला, पण जंतू आता रक्तात उतरलेत. बाकीची औषधं लागू पडत नाहीत. कपाट असल्याच वेळेसाठी आहे."

"खोऱ्यानं एवढी वर्सं जपलंय. एका म्हाताऱ्यासाठी कशाला मोडायचं?" असं म्हणून दादानं डोळे मिटून घेतले.

झालं! तासाभरात ही गोष्ट गावभर. दुपारपर्यंत दवाखान्याबाहेर चपलांचा ढीग. बिरूआण्णा सरगर म्हणजे देवमाणूस, खोऱ्यासाठी जीव द्यायला निघालाय, माणूस असावा तर असा! मी दारात उभी राहून ऐकत होते आणि कमरेला खोचलेली किल्ली चाचपत होते. त्या कपाटाची किल्ली माझ्याकडेच असते. दवाखान्याला लागून माझं मेडिकल आहे, आणि गावानं ती जोखीम माझ्या गळ्यात घातलेली आहे.

कपाटाचं प्रकरण खोऱ्याबाहेरच्या माणसाला कळायचं नाही, म्हणून जरा उलगडून सांगते.

जंतूला मारायच्या वाटा मोजक्याच आहेत. जंतूभोवती एक भिंत असते. तो वाढतो तशी ती भिंत त्याला सारखी रचावी लागते. पेनिसिलिनचं जे मोठं खानदान आहे ते ही भिंत रचू देत नाही, मग जंतूच्या आत पाणी शिरतं आणि तो फुटतो. आपल्या पेशींना तसली भिंतच नसते, म्हणून आपलं काही बिघडत नाही. दुसरी वाट म्हणजे जंतूचा प्रथिनं बनवायचा कारखाना. काही औषधं तो कारखाना बंद पाडतात. पण स्ट्रेप्टोमायसिनचं, आमच्या भाषेत स्ट्रेप्टोचं, खानदान जास्त बेरकी. ते कारखाना बंद पाडत नाही, त्याला चुका करायला लावतं. माल निघतो, पण सगळा वाकडातिकडा, आणि त्या वाकड्या मालानंच जंतूचा निकाल लागतो. तिसरी वाट सिप्रोची. एका जंतूचे दोन व्हायचे तर आधी डीएनएची नक्कल करावी लागते, आणि नक्कल करायची तर त्याचा पीळ सोडवावा लागतो. सिप्रो तो पीळ सोडवू देत नाही.

आता जंतूही काही दूधखुळे नाहीत. पेनिसिलिन कापणारी कात्री कुणी तयार करतो, तर कुणी सिप्रो आत आलं की पंप लावून बाहेर उपसून फेकतो. मात्र अशी हत्यारं बाळगायला खर्च येतो. अंगातली ताकद तिकडे जाते. आजूबाजूला औषधच नसलं तर हत्यारवाला जंतू मागे पडतो आणि बिनहत्याराचा साधा जंतू पुढे जातो. ही गोष्ट शास्त्रज्ञांना पूर्वीपासून ठाऊक होती, पण गावागावांत ती मोजणार कोण? मग ते कुंडली यंत्र आलं. पाण्याचा, मातीचा, नाहीतर रक्ताचा थेंब घाला, आतले जंतू ते वाढवतं आणि कुणाकडे कुठलं हत्यार आहे ते सांगतं. किंमत म्हणाल तर चांगल्या म्हशीएवढी. तेव्हा कुठे कळलं की एखादं खानदान अख्ख्या खोऱ्यानं काही वर्षं वापरलंच नाही, तर ते पुन्हा धारदार होतं. जमीन पड टाकतात ना, तसंच हे. म्हणून आमच्याकडे त्याला पडच म्हणतात.

माण नदीच्या आमच्या बाजूच्या गावांनी मिळून स्ट्रेप्टोचं खानदान पड टाकलं. माणसाला नाही, जनावराला नाही, झाडाला नाही. त्याची थोडी इंजेक्शनं तेवढी दवाखान्यातल्या कपाटात कुलपात ठेवली, आणि कुणाच्या जिवावरच बेतलं तर ते कपाट उघडायचं.

झाडाला नाही, इथेच खरी गोम होती. आमचा सगळा मुलूख डाळिंबाचा. डाळिंबाचं मरण तेल्या. फळावर तेलकट डाग पडतो, काळा होतो, मग फळ चिरतं. हा तेल्याही जंतूच, आणि त्यावर आमचे बागवाले बापजाद्यांपासून स्ट्रेप्टो मारत आलेले. आधी पाठीवरच्या पंपानं, मग ड्रोननं. फवाऱ्यातलं औषध मातीत, मातीतलं शेततळ्यात, आणि सगळ्या खोऱ्यातले जंतू त्याला सरावलेले. ते बंद करा म्हणणं म्हणजे बागवाल्याला बाग सोड म्हणणं.

गावोगाव फिरून हे सांगितलं ते दादानं. लोकांनी त्याचं ऐकलं, कारण त्याच्या घरातलंच माणूस गेलं होतं. रंजनावहिनीला मूत्राशयाचा साधा जंतुदोष झाला होता. औषधामागून औषध दिलं, शेवटी स्ट्रेप्टोच्या खानदानातलं इंजेक्शनही दिलं, एकही लागू पडलं नाही. मूलबाळ नव्हतं त्यांना. वहिनी गेली आणि दादा सहा महिने कुणाशी बोलला नाही. बोलायला लागला तो हेच बोलायला लागला.

पड सुरू झाली आणि दुसऱ्याच वर्षी तेल्या आला. औषध नाही म्हटल्यावर रोग लागलेली बाग काढून जाळणं एवढाच उपाय. आमच्याकडे एक रीत आहे. फळतं झाड मालकानं स्वतः तोडायचं नसतं. पहिला घाव शेजाऱ्यानं घालायचा, मग मालकानं हात लावायचा. आणि त्या दिवशी मालकाच्या घरी चूल पेटत नाही. ज्यानं घाव घातला त्यानंच त्याला आपल्या घरी जेवायला न्यायचं. दादाच्या बांधाला बांध लागून हणमंत मेटकऱ्याची बाग. अशी की, बघणाऱ्यानं बघतच राहावं! त्या बागेला पहिला घाव दादानं घातला. हणमंत मटकन खाली बसला होता. दादानं त्याला हाताला धरून उठवलं आणि आमच्या घरी आणलं. त्या दिवशी मीच भाकऱ्या थापल्या. हणमंतानं चतकोरसुद्धा खाल्ली नाही.

दादाचीही बाग गेली. राहिली ती एवढी एक ओळ, घरामागची, वहिनीनं स्वतः लावलेली. आजूबाजूचं सगळं करपलं, पण त्या ओळीला डाग नाही. वहिनीचं पुण्य, लोक म्हणायचे. मीही म्हणायचे.

त्याच ओळीत छाटणी करताना दादाच्या तळहातात काटा मोडला होता. हळद लावून बसला शहाणा! हात पपईएवढा झाला तेव्हा मला कळलं. डॉक्टरीणबाईंनी भिंत फोडणारी इंजेक्शनं दिली, ताप हटेना. यंत्रात रक्त घातलं तर यंत्र नुसतं "वाढ अपुरी" म्हणून गप्प. जंतू पुरेसा वाढलाच नाही तर त्याची कुंडली काय मांडणार?

चपलांच्या ढिगाऱ्यातून वाट काढत हणमंत आत आला. बाग गेल्यापासून तो दुसऱ्याच्या शेततळ्यावर राखण करतो आणि त्याची बायको शेवंता मजुरीला जाते. आला तो सरळ दादाच्या पायथ्याशी बसला आणि दादाचे पाय धरले.

"आण्णा, खरं सांगतो, माझ्या मनात लई राग हुता तुमच्यावर," तो म्हणाला. "बाग गेली त्याचा. पर आज कळलं. तुमी आमाला जे सांगितलं त्ये सोत्ताच्या जिवावर आलं तरी पाळताय."

दादानं पाय ओढून घेतले आणि भिंतीकडे तोंड फिरवलं.

मी बघत होते. आमच्या दादाला स्तुती आवडते. नुसती आवडत नाही, तो ती गूळशेंगदाण्यासारखी चघळत बसतो. सत्काराचा नारळसुद्धा महिनाभर फोडत नाही. आणि आज सगळं गाव ओवाळायला आलंय तर हा भिंतीकडे तोंड करतो? मी सगळ्यांना बाहेर काढलं. आजाऱ्याला झोपू द्या म्हटलं आणि दार लावून खाटेवर बसले.

"दादा, इकडं बघ."

"झोपू दे."

"झोप नंतर. कपाट उघडायचं का नाही म्हणतोस?"

"सांगितलं की. खोऱ्याच्या..."

"ते भाषण गावाला दे. मला खरं सांग."

मी त्याच्या कपाळावरची पट्टी बदलली. तेवढ्यात मला कपाटाचा नियम आठवला. कपाट ज्याच्यासाठी उघडेल त्याच्या घरची माती आणि पाणी यंत्रात तपासायचं, आणि जे निघेल ते पंचायतीच्या पाटीवर लावायचं. औषध कुठे चोरून वापरलं जातंय का, ते कळावं म्हणून. हा नियम ग्रामसभेत भांडून कुणी घालायला लावला होता? ह्याच शहाण्यानं.

"दादा," मी म्हटलं, "वहिनीची ओळ."

भिंतीकडचं तोंड हललं नाही, पण खांदे हलायला लागले. साठी गाठलेला माणूस तोंडात चादरीचा बोळा घेऊन रडत होता.

"दोन बहार स्ट्रेप्टो मारलं, सारिके," तो म्हणाला. "खोऱ्याबाहेरनं आणलं. ड्रोन न्हाई, कुणी बघंल म्हणून हातानंच. दुसरी सगळी झाडं लागली तवा मी रीतीनं काढली, खंडोबाची आण. पर रंजीच्या ओळीवर पयला डाग दिसला आन् माझं डोस्कं फिरलं. लेकरं न्हाईत आमाला. तिनं हातानं लावल्याली तेवढीच ऱ्हायल्याती."

"आणि हणमंताची तोडलीस!"

"तोडली."

मला त्याचा इतका राग आला की हात उगारला होता मी. पण चादरीबाहेर आलेला त्याचा सुजलेला हात दिसला आणि मी माझा खाली घेतला.

"अरे पण मरशील ना!"

"मेलो तर चांगला माणूस म्हणून मरीन. जगलो तर चोर म्हणून जगावं लागंल. तूच सांग."

"मी काय सांगू? चांगला माणूस पाहिजे असेल तर गावाला पाहिजे असेल. मला भाऊ पाहिजे!" हे मी ओरडूनच बोलले असेन, कारण बाहेरची कुजबुज एकदम थांबली.

खोटं कशाला बोलू, माझ्या मनात वाईट आलं. किल्ली माझ्याकडे. गुपचूप एक कुपी काढावी, सुई टोचावी, नोंद करू नये. ना तपासणी, ना पाटी. भाऊही राहील आणि त्याचं नावही राहील. मी किल्ली हातात घेतलीसुद्धा. आणि मग मेडिकलवाल्या बाईचं डोकं जागं झालं. दोन बहार ज्या मातीत स्ट्रेप्टो पडलंय, त्याच मातीतला काटा ह्याच्या हातात मोडलाय. म्हणजे ह्याच्या रक्तातला जंतू स्ट्रेप्टो पचवून आलेला. कपाटात आहेत ती सगळी त्याचीच भावंडं. ती काय कप्पाळ लागू पडणार?

मी त्याला तसं सांगितलं. त्यानं छताकडे नजर लावली.

"म्हंजी रंजीला जसं झालं तसंच."

"तसंच."

"मग तर सांगायची काईच गरज न्हाई," तो म्हणाला. वर हलकासा हसला. असा संताप आला मला!

"गरज नाही?" मी म्हटलं. "त्या ओळीत फळांना पिशव्या बांधायला कोण येतं? शेवंता येते. तिला काटे मोडत नाहीत? उद्या तिला असाच ताप भरेल. डॉक्टरीणबाई म्हणतील, खोऱ्यात पड आहे, कपाटातलं औषध हमखास चालणार. मी किल्ली फिरवीन, इंजेक्शन देतील, आणि शेवंता जाईल. का गेली ते कुणालाच कळणार नाही. हणमंत आयुष्यभर छताकडे बघत बसेल, तू बसला होतास तसा."

बाहेर कुणीतरी खोकलं. दादानं चांगल्या हातानं चादर बाजूला केली आणि कोपरावर उठायचा प्रयत्न केला. जमेना, तेव्हा मी मागे उशी लावली.

"डॉक्टरीणबाईंना बोलीव," तो म्हणाला. "आन् दार उघडंच ठिव."

दार उघडं ठेवलं. त्यानं दोनच वाक्यांत सांगितलं, आणि मोठ्यानं सांगितलं. "बाई, माझ्या मागच्या ओळीवर मी दोन बहार स्ट्रेप्टो मारलंय. काटा तिथलाच हाय." बाहेर चपला घालायचे आवाज झाले. मग एकेक जण निघून जायला लागला. कुणी शिवी दिली नाही. हणमंत सगळ्यांच्या शेवटी गेला.

डॉक्टरीणबाई मात्र जागच्या हलल्या नाहीत. मला वाटलं रागावल्या. पण त्या भुवया जवळ घेऊन यंत्राच्या काचेकडे बघत होत्या.

"वाढ अपुरी," त्या पुटपुटल्या. "अगं बाई, तो वाढत नाहीये असं नाही, हळू वाढतोय! आण्णा, तुमच्या विहिरीवरच्या मोटारीला विजेचा दाब कमी आला की काय होतं?"

"घूंऽऽ घूं करती. पाणी चढत न्हाई," दादा म्हणाला. त्याला वाटलं असावं, बाईंचं डोकं फिरलं.

"बरोबर. जंतूच्या आतल्या पापुद्र्यालाही विजेचा दाब असतो, अगदी बारीकसा. स्ट्रेप्टोचं खानदान त्या दाबाच्या ओढीनं आत शिरतं. तुमच्या ओळीतल्या जंतूनं काय शक्कल काढली असेल, तर दाबच उतरवला. औषध दारातच अडलं. जंतू वाचला, पण त्याचं घरही त्याच विजेवर चालतं ना. म्हणून वाढतो रडतखडत, आणि म्हणून यंत्राला दिसेना."

"मग?" मी म्हटलं.

"मग सिप्रो. आपल्या खोऱ्यात सिप्रो का चालत नाही, सारिकाताई?"

"जंतू पंप लावून उपसतात म्हणून."

"आणि तो पंप कशावर चालतो?"

मी तोंडाला पदर लावला. दादानं एकदा बाईंकडे बघितलं, एकदा माझ्याकडे. "त्याच लाइटीवर?" त्यानं विचारलं.

"त्याच. एका औषधापासून वाचायला त्यानं दाब उतरवला आणि दुसऱ्याला उपसायची ताकद घालवून बसला. निदान तसं व्हायला हवं. प्रयोगशाळेत मी हे बघितलंय, माणसात बघितलेलं नाही. आणि हे तुम्ही आत्ता सांगितलं नसतं ना, तर मी कपाट उघडण्यावरच अडून बसले असते. तेही चाललं नसतं आणि वेळ हातचा गेला असता."

सिप्रो! माझ्या मेडिकलात मागच्या फळीवर धूळ खात पडलेलं, कुणी विचारत नाही म्हणून मी पुढच्या खेपेला परत पाठवणार होते ते. मी पळत जाऊन आणलं. पळताना चप्पल तुटली, ती तिथंच टाकली.

दोन दिवस काही खरं नव्हतं. मी देवाला सोडलं नाही आणि डॉक्टरीणबाईंनी यंत्राला सोडलं नाही. त्याला धीर धरायला लावून त्यांनी अखेर त्या रडतखडत वाढणाऱ्या जंतूची कुंडली काढलीच, आणि ती त्यांच्या म्हणण्यासारखीच निघाली. तोवर इकडे ताप उतरायला लागला होता. दादानं डोळे उघडले आणि पहिलं वाक्य बोलला, "सारिके, ठेचा हाय का गं?" मी त्याच्या उशाशी बसून ओक्साबोक्शी रडले आणि मग त्याला यथेच्छ शिव्या दिल्या.

"हे नशीब समजा, आण्णा," डॉक्टरीणबाईंनी त्याला बजावलं. "हाच जंतू दाब न उतरवता दुसरं काही शिकला असता, तर माझ्याकडे काहीच नव्हतं."

ग्रामसभेत दादा हाताला पट्टी बांधून स्वतः उभा राहिला. लोक ओरडले असते तर बरं झालं असतं. कुणी ओरडलं नाही. ठराव झाला, ओळ काढायची, माती झाकून ठेवायची, आणि ओळीमागून वाहणाऱ्या ओढ्याच्या काठची पड पहिल्यापासून मोजायची. म्हणजे ओढ्याकाठच्या सगळ्यांनाच आणखी वर्षं थांबणं आलं. तिथून पुढे दादाच्या ओट्यावर चहाला कुणी आलं नाही. वाटेत भेटला तर माणसं मोबाइलमध्ये बघायची.

ओळ काढायचा दिवस ठरला. सकाळी दादा कुऱ्हाडीला धार लावून घरामागे जाऊन बसला. झाडांवर फळं लागलेली, लाल, तकतकीत, डाग नाही. मी शेजारी उभी. बांधापलीकडच्या वाटेवर माणसं होती, शाळेला निघालेली, दुधाला निघालेली. सगळी बघत होती आणि पुढे जात होती.

"शेजारी न्हाई येणार," दादा म्हणाला.

"मी घालते पहिला घाव."

"भणीनं घालायचा नसतो. रीत न्हाई ती." मग तो कुऱ्हाडीच्या दांड्यावरनं बोट फिरवत म्हणाला, "ज्यानं शेजाऱ्याची तोडून आपली राखली त्येला कसला शेजारी?"

ऊन चढत गेलं. मी आत जाऊन पाणी आणलं, ते त्यानं घेतलं नाही. रीत सोडून दे आणि मशीन बोलव, असं मी म्हणणार होते, तेवढ्यात बांधावर हणमंत दिसला. खांद्यावर कुऱ्हाड.

तो खाली उतरला. दादाकडे बघितलं नाही. ओळीच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत चालत गेला, एका झाडाखाली थांबला आणि एक फळ हातात धरून अंदाज घेतला. बागवाल्याचा हात, बाग गेली तरी जात नाही.

"वैनींनी पयलं कंचं लावलं?" त्यानं विचारलं.

दादानं बोट दाखवलं. कडेचं, विहिरीकडचं. हणमंतानं झाडापासून लांब चपला काढल्या, झाडाला हात लावून कपाळाला लावला, आणि कुऱ्हाड उचलली. मग तो थांबला.

"आण्णा, मी माफबिफ केलं न्हाई," तो म्हणाला. "करीन का न्हाई, ठावं न्हाई. माझी झाडं रोज रातच्याला दिसत्याती मला. तुमी दवाखान्यात निजला हुता तवा मी तुमचं पाय धरलं, त्येची तर लाजच वाटती."

"व्हय," दादा म्हणाला. एवढंच.

"पर शेवंताचं हात मी काल डॉक्टरीणबाईंना दाखवून आणलं. काट्याच्या खुणा बघून बाई म्हणाली, वेळेत कळलं." आणि त्यानं घाव घातला.

पुढचे घाव दोघांनी घातले, दादानं डाव्या हातानं. मी फांद्या ओढत होते. दुपार कलेपर्यंत वहिनीची ओळ आडवी झाली, ढीग पेटला, आणि तिघंही राखेनं माखलो. दादा ढिगाऱ्याकडे बघत उभा होता. मला त्याच्याकडे बघवेना, म्हणून मी घराकडे वळले. म्हटलं, आता ह्याच्या पोटात काहीतरी घालावं.

"सारिकाताई, चूल पेटवू नका," मागून हणमंत म्हणाला. त्यानं कुऱ्हाड खांद्यावर टाकली आणि दादाच्या चांगल्या हाताला धरलं. "पयला घाव मी घातलाय. चला आण्णा, भाकरी आमच्यात. शेवंता वाट बघतीय."